भाचीच्या स्वादुपिंडात गाठ : प्लीहा काढायची की ठेवायची?

माणदेशी | ४ जून, रात्री ११.१०

मंडळी, एरवी मी इथे डाळिंबाच्या धाग्यावर भांडत असतो. आज वेगळंच घेऊन आलोय.

भाची १९ वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, सांगलीत वसतिगृहावर. महिन्यापूर्वी स्कूटीवरून घसरली. गुडघा सोलला, बाकी काही नाही. पण हँडल पोटात लागलं म्हणाली, म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. आत मार लागलेला दिसला नाही, दिसली ती स्वादुपिंडाच्या शेपटीजवळ ८ सेंटिमीटरची गाठ. मग सीटी झालं. रिपोर्टात लिहिलंय की गाठीला स्पष्ट कवच आहे, आत काही भाग घट्ट, काही भागात रक्तमिश्रित द्रव. खाली नाव : सॉलिड स्यूडोपॅपिलरी निओप्लाझम. ते नीट उच्चारायलाच मला दोन दिवस लागले.

दोन सर्जन झाले. पहिले म्हणाले, पोट उघडू, शेपटी आणि तिला लागून असलेली प्लीहा (जंतूंशी लढणारा अवयव) दोन्ही काढू, एका दिवसात विषय संपवू. दुसरे म्हणाले, दुर्बिणीतून करू, प्लीहा वाचवायचा प्रयत्न करू, पण शब्द देत नाही. तिसरा सर्जन घरात आहे, माझी आई. तिचं एकच : "गाठीला सुरी लागली की ती अंगभर हुती. पोरीला हात लावू नगा." वाडीतले दोघं ऑपरेशननंतर चार-सहा महिन्यांत गेलेले तिने पाहिलेत, त्यामुळे तिला गप्पही करता येत नाही.

भाचीचा प्रश्न वेगळाच. "मामा, जुलैत प्रॅक्टिकल आहेत, त्याआधी उरकेल का?"

कुणाकडे, किती घाईने आणि प्लीहेचं काय? अनुभव असलेल्यांनी लिहा. नुसतं "काळजी करू नका" लिहू नका, ती चालूच आहे.

गवती_चहा | ४ जून, रात्री ११.२६

बाप रे. १९ व्या वर्षी? काळजी करू न... बरं, नाही लिहीत. जाणकार येईपर्यंत धागा वर काढते.

नाना_निवांत | ५ जून, सकाळी ६.०२

स्पष्ट बोलतो, राग नसावा. स्वादुपिंड म्हटलं की खेळ आटोपलाच. पर्रीकरांसारखा माणूस, न्यूयॉर्क झालं, मुंबई झाली, दिल्ली झाली. नाकात नळी घालून मांडवीवरचा पूल बघायला गेले, आणि मार्च २०१९ मध्ये संपलं. सर्जनला कापल्याशिवाय चैन पडत नाही. आईंचं ऐका. एक वैद्य माहितीत आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

काचपट्टी | ५ जून, सकाळी ७.४०

नाना, सकाळी सहाला उठून हे लिहिलंत? चहा तरी घ्यायचात आधी.

मी पॅथॉलॉजिस्ट. एरवी इथे फक्त वाचते. एरवी ज्याला आपण स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हणतो, तो बहुतेक साठीच्या आसपास होतो, नळीच्या अस्तरातून निघतो आणि कळतो तेव्हा बहुधा पसरलेला असतो. भाचीची गाठ त्याच अवयवात आहे, तेवढंच नातं. स्वादुपिंडाच्या शंभर गाठींत ही एखाद-दुसरी असते. दहातल्या नऊ रुग्ण मुली किंवा बायका, बहुतेक विशी-तिशीतल्या. गाठ निमूटपणे वाढते, म्हणून कळते तेव्हा बरीच मोठी झालेली असते. अपघाताने सापडणं हे तर तिचं नेहमीचंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती कमी तीव्रतेची कर्करोगी गाठ म्हणून धरतात. म्हणजे "साधी आहे, राहू द्या" असंही म्हणायचं नाही. १०-१५ टक्के जणांत ती यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर जाते, नाहीतर काही वर्षांनी परत येते. पण पूर्ण काढली तर ५ वर्षांनंतर शंभरातले ९५ हून अधिक जण हयात असतात. यकृतात गेली तरी तिथली काढतात आणि माणसं वर्षानुवर्षं जगतात. यात केमोचा फारसा भाग नाही, काम सर्जनचंच.

आता त्या नावाबद्दल, कारण मला ते आवडतं. या गाठीत रक्तवाहिनीला चिकटलेल्या पेशी तगतात आणि लांबच्या गळून पडतात. काचेखाली मक्याचं कणीस दिसतं, मधे दांडा, भोवती दाणे आणि कणसांच्या मधे रक्ताची तळी. खरी पापिली, म्हणजे बोटासारखे उंचवटे, तशी बनत नाही, म्हणून "स्यूडो" (खोटी). १९५९ साली हिचं पहिलं वर्णन केलं ते व्हर्जिनिया फ्रँट्झ या बाईंनी, म्हणून फ्रँट्झची गाठ असंही म्हणतात. शिकल्या सर्जरी, नाव काढलं पॅथॉलॉजीत. बायकांमध्ये जास्त होणारी गाठ बाईनेच ओळखली, याचं मला उगाच बरं वाटतं.

आजींचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. पूर्वी पोट उघडायचे तोवर रोग सगळीकडे गेलेला असायचा. बघून परत शिवायचे. घरच्यांना दिसायचं ते एवढंच, की चाकू लागला आणि माणूस गेला. या गाठीत त्यातला एक कण मात्र खरा आहे. कवच फुटून आतलं पोटात सांडता कामा नये. म्हणून गाठ तुकडे करून नाही, अख्खी काढतात.

गवती_चहा | ५ जून, सकाळी ८.०५

मक्याचं कणीस! आता पावसाळ्यात भुट्टा खाताना हेच आठवणार, धन्यवाद.

नाना_निवांत | ५ जून, सकाळी ८.३०

मी मत मांडलं. लोकशाही आहे.

कोकणकन्या_७९ | ५ जून, दुपारी १.१५

आयडीतला ७९ म्हणजे आमच्या घराचा नंबर, जन्मसाल नव्हे, आधीच सांगते.

माझी हीच गाठ २०११ मध्ये निघाली, मी तेव्हा २३ ची. चिपळूणला दोन वर्षं "गॅसेस" म्हणून औषध चाललं होतं. शेवटी पुण्यात पोट उघडून ऑपरेशन झालं. गाठ प्लीहेच्या शिरेला चिकटलेली, त्यामुळे प्लीहा गेली. व्रण डाव्या बरगडीखालून आडवा, वीतभर. पहिली दोन वर्षं साडी बेंबीच्या वर नेसायचे. आता कोण बघतंय.

प्लीहेशिवाय जगता येतं, पण काही गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवाव्या लागतात. ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी लशी घ्यायच्या : न्यूमोकॉकल, मेनिंगोकॉकल आणि हिब. माझ्या वेळी घाईत एक राहिली, ती नंतर घेतली. प्लीहा वाचणार असं सर्जन म्हणाले तरी लशी घेऊन ठेवा, टेबलावर काय होईल कुणी सांगावं. दुसरं म्हणजे ताप. तुम्हाला ताप आला तर क्रोसीन घेऊन झोपाल. मी त्याच तासाला दवाखान्यात जाते. पर्समध्ये एक चिठ्ठी असते, "प्लीहा काढलेली आहे" अशी. पावसाळ्यात मच्छरदाणी सोडत नाही, मलेरिया आमच्यासारख्यांना जड जातो.

आणि कुत्रं. चार वर्षांपूर्वी आमच्याच राजाने खेळता खेळता बोटाला दात लावला. इवलासा. नवरा म्हणाला हळद लाव. मी थेट डॉक्टरकडे, कारण कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू प्लीहा नसलेल्या माणसाला दोन दिवसांत आडवं करू शकतो. रेबीजबद्दल सगळ्यांना माहीत असतं, याबद्दल कुणालाच नसतं.

दोन मुलं आहेत. थोरला नऊ वर्षांचा. बाकी काय विचारायचं ते विचारा.

भटका_जोगी | ५ जून, दुपारी १.४०

पाळीव कुत्र्याचं हे, तर आमच्या गल्लीतल्या अकरा कुत्र्यांचं काय? महापालिकेला...

शिस्तप्रिय | ५ जून, दुपारी १.४४

कुत्र्यांचा धागा वेगळा आहे. तिथे ४१२ प्रतिसाद झालेत, तिकडेच जा.

पत्रिका_जुळली | ५ जून, दुपारी ३.००

विचारू का नको कळत नाही, पण मुलगी १९ ची आहे. पुढे लग्नाच्या वेळी सांगायचं की नाही? मोठा व्रण आणि "ट्यूमर" हा शब्द. आपल्याकडे स्थळं लगेच मागे फिरतात.

कोकणकन्या_७९ | ५ जून, दुपारी ४.२०

@पत्रिका_जुळली, मी कांदेपोह्यांच्या वेळीच सांगितलं. तीन स्थळं गेली. चौथा म्हणाला, "माझं अपेंडिक्स काढलंय, तेही सांगून टाकतो." तो नवरा. हळद लाव म्हणणारा तोच.

टाका_दोरा | ५ जून, रात्री ९.५०

सर्जन आहे, दिवसभर थिएटरमध्ये होतो. थोडक्यात.

प्लीहा वाचवायच्या दोन तऱ्हा. पहिली किमुरांची : प्लीहेची धमनी आणि शीर दोन्ही स्वादुपिंडावरून सोडवून जागेवर ठेवायच्या. काम किचकट. शिरेच्या बारीक फांद्या स्वादुपिंडात शिरलेल्या असतात, एकेक बांधत जावं लागतं. दुसरी वॉरशॉंची : त्या वाहिन्या गाठीबरोबर काढायच्या आणि प्लीहा जठराकडून येणाऱ्या छोट्या वाहिन्यांवर जगवायची. यात कधी प्लीहेचा थोडा भाग सुकतो, बहुधा निभतं. गाठ शिरेला चिकटली असेल तर हट्ट करायचा नाही, प्लीहा सोडायची. तुमचे दुसरे सर्जन शब्द देत नाहीत, हे मला चांगलं लक्षण वाटतं.

दुर्बिणीतून की उघडून, यापेक्षा हात कुणाचा हे महत्त्वाचं. वर्षाला स्वादुपिंडाच्या किती शस्त्रक्रिया करता, असं थेट विचारा. चांगला सर्जन चिडत नाही. दुर्बिणीतून केलं तरी गाठ पिशवीत घालून ओटीपोटावरच्या आडव्या छेदातून अख्खी बाहेर येते.

घाई : उद्या नको, दिवाळीनंतरही नको. लशी देऊन दोन-तीन आठवड्यांत.

विठू_ह्यूस्टन | ६ जून, सकाळी ९.१२

तुमची गाठ शेपटीत आहे हे नशीब समजा. आमच्या लेकाला १३ व्या वर्षी हीच गाठ, पण डोक्याकडे, ६ सेंटिमीटरची. तिथे व्हिपल करावं लागतं. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनळीचा खालचा भाग, सगळं जातं आणि मग तीन जोड : स्वादुपिंड आतड्याला, पित्तनळी आतड्याला, जठर आतड्याला. सात तास. आम्ही वेटिंग रूममध्ये, आई फोनवर पंढरपूरहून हरिपाठ म्हणतेय.

पोरगं आता १९ चं आहे, सॉकर खेळतं. साखर दर सहा महिन्यांनी तपासतो, अजून बरी आहे. पण पाचकरस कमी पडतो, तुपकट आणि तरंगणारी शी व्हायची. त्यावर कॅप्सूल आहेत, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. मोठी घोडचूक आम्ही केली ती ही, की महिनाभर जेवण झाल्यावर देत होतो आणि वजन का वाढत नाही म्हणून रडत होतो.

दुसरी भानगड मोठी. त्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. आई माळकरी, तिला सांगायचं कसं? सहा महिने लपवलं. शेवटी लेकानेच सांगितलं. आई पाच मिनिटं गप्प. मग म्हणाली, "वराह अवतार विष्णूचाच की रे." त्या दिवसापासून कॅप्सूलची डबी देव्हाऱ्याशेजारी असते.

नाना_निवांत | ६ जून, सकाळी ९.३०

हे आवडलं. आजींना माझा दंडवत.

रांगडा_सोलापूरकर | ६ जून, सकाळी ११.०५

बायकांनाच होते म्हणता ना? मी पुरुष. ३१ व्या वर्षी झाली.

पोटात दुखायचं. सोनोग्राफीत पाण्याची गाठ दिसली आणि एका दवाखान्यात (नाव घेत नाही) सांगितलं, दारूने स्वादुपिंडाला सूज येऊन सिस्ट झाली. अहो, मी कधी शिवलो नाही. डॉक्टर हसले, "सगळे असंच म्हणतात." बायको माझ्याकडे संशयाने बघायला लागली ते वेगळंच. सुई घालून पाणी काढलं. आठ महिन्यांनी परत तेवढीच. दुसऱ्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "स्वादुपिंडाला सूज कधी आली होती? अमायलेझ (स्वादुपिंडाचा पाचकरस) रक्तात कधी वाढलं होतं?" कधीच नाही. मग एमआरआय, मग एंडोस्कोपीतून सुईने तुकडा, मग ऑपरेशन. आता सात वर्षं झाली, दरवर्षी तपासणी करतो.

म्हणून सांगतो, सूज कधी आली नसताना कुणी "सूजेची सिस्ट" म्हणालं तर दुसऱ्याला दाखवा. आणि बायकोला रिपोर्ट दाखवा.

काचपट्टी | ६ जून, दुपारी १२.१०

@रांगडा, बरोबर. पुरुषांत ही गाठ चटकन मनात येतच नाही, तिथेच घोळ होतो. बाहेर काढल्यावर मात्र आम्ही पेशीच्या केंद्रकात बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन साचलंय का बघतो. साचलेलं असेल तर ओळख जवळजवळ पक्की.

माणदेशी, एक काम आठवणीने करा. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीतून नुसता कागद आणू नका, मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड मागून घ्या, पावती ठेवा. पुढे कुठेही मत घ्यायचं झालं, अगदी परळला टाटात, तर आधी तेच मागतात. लोक ब्लॉक उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवतात. मेण आहे हो ते, वितळतं.

बिलांची_फाईल | ६ जून, दुपारी २.३५

पैशांचं कुणीच बोललं नाही म्हणून. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या माणसाला) भेटा. नंतर "आम्हाला माहीतच नव्हतं" चालत नाही, मंजुरी आधी लागते. खाजगी विमा असेल तर स्कूटीच्या अपघाताचा कागद आणि गाठीचा कागद वेगळा ठेवा. आमच्या मावसभावाच्या विमावाल्यांनी "गाठ अपघाताने झाली का?" यावर दोन महिने घालवले. टाटात जायचं ठरलं तर राहण्यासाठी दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, चौकशी करा.

माणदेशी | ८ जून, रात्री १०.२०

सगळे प्रतिसाद भाचीला वाचायला दिले. वराह अवतारावर बहिणीसकट सगळे हसले, महिन्याभरात पहिल्यांदा. दुसऱ्या सर्जनना विचारलं, वर्षाला किती करता. चिडले नाहीत, आकडा सांगितला, वर गळतीचं प्रमाणही सांगितलं. तिथेच ठरवलं. लशी उद्या. तारीख २५ जून. आईला काचपट्टी बाईंचा "आधीच पसरलेलं असायचं" हा भाग दोनदा वाचून दाखवला. म्हणाली, "बाई शिकलेली दिसती." होकार समजतो.

वॉर्ड_सात | ८ जून, रात्री ११.००

मी सिस्टर आहे. खरी कसोटी तिसऱ्या दिवशी. स्वादुपिंडाचं कापलेलं टोक झिरपतं, पाचकरस ड्रेनमधून (पोटातून बाहेर काढलेल्या नळीतून) येतो. तिसऱ्या दिवशी ड्रेनच्या पाण्यातलं अमायलेझ रक्ताच्या मर्यादेच्या तिप्पट निघालं तर गळती आहे का हे बघायला लागतात. घाबरू नका, बहुतेकींची आपोआप बंद होते, फक्त वेळ लागतो. रोज रंग बघा. पातळ चहासारखा चालेल. लालभडक किंवा पूसारखा झाला तर लगेच बोलवा, रात्रीचे तीन असले तरी.

ते तीन छोट्या चेंडूंचं फुंकायचं यंत्र देतील ना, ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. निम्मे नातेवाईक पेशंटला उलटं शिकवतात.

माणदेशी | २६ जून, पहाटे ५.१५

झालं काल. साडेचार तास. सर्जन बाहेर आले आणि स्टीलच्या ट्रेमध्ये गाठ दाखवली. आई पुढे झाली, आम्ही सगळे मागे. एवढं मोठं डाळिंब, तसंच गोल, तसलाच लालसर-करडा रंग. आईने विचारलं, "फुटली न्हाय न्हवं?" सर्जन म्हणाले, "नाही आजी, अख्खी." मग ती खाली बसली.

प्लीहा राहिली. शीर दोन सेंटिमीटर चिकटलेली होती, म्हणून वाहिन्या गेल्या, वॉरशॉंच्या तऱ्हेने. टाका_दोरांनी सांगितलेलं नाव मी तिथे सहज उच्चारल्यासारखं "वॉरशॉ का?" म्हटलं, तर सर्जननी मला वैद्यकीय प्रतिनिधी समजलं.

काचपट्टी | २६ जून, सकाळी ७.००

डाळिंब! कापल्यावर आतूनही तशीच दिसते बरं का, कप्पे आणि रक्त. ब्लॉक विसरू नका.

माणदेशी | १३ जुलै, रात्री ९.०५

(मामाच्या आयडीवरून भाची.) नमस्कार. रिपोर्ट आला, कडा स्वच्छ, १४ लसिकाग्रंथी तपासल्या, एकाही ठिकाणी काही नाही. ड्रेन मात्र अजून आहे, तिसऱ्या दिवशी अमायलेझ चार हजारांवर होतं. पिशवी ओढणीखाली लपवते, पण चालताना डुलते. रोज संध्याकाळी मोजून वहीत लिहायचं. काल ३० मिली होतं, आज १५. प्रॅक्टिकल बुडाली. केमिस्ट्रीच्या सरांनी वही बघून म्हटलं, नोंदी प्रयोगवहीपेक्षा नीट आहेत.

कोकणकन्या ताई, व्रण ओटीपोटावर चार बोटं आणि वर चार टिकल्या आहेत. प्लीहा राहिली तरी ताप आला तर फोन करायला सांगितलंय. आणि आमच्याकडे कुत्रं नाही, मांजर आहे. तिचं काय?

कोकणकन्या_७९ | १३ जुलै, रात्री ९.३०

मांजर चालेल. ओरखडलं तर धुऊन डॉक्टरांना दाखव. आणि प्लीहा आहे तुझी, मजा कर.

नाना_निवांत | २१ जुलै, सकाळी ६.१०

ड्रेन निघाला का पोरीचा?

माणदेशी | २१ जुलै, सकाळी ८.४५

निघाला, शनिवारी. खेचताना "हे एवढंच?" म्हणाली. नाना, आता डाळिंबाच्या धाग्यावर या. डाळिंबाच्या तेल्या रोगावर तुम्ही लिहिलेली फवारणी पावसाळ्यात उपयोगाची नाही.